एक्सने लिहिलेला श

मामाचा गोव्याहून फोन आला तेव्हा आई मेथी निवडत होती. फोन स्पीकरवर टाकून तिने हात चालू ठेवले. भावंडांचं बोलणं नेहमीप्रमाणे कोकणीत आणि नेहमीच्याच वाटेने चाललं होतं: पाऊस, गुडघे, कुळागरात शिरणारी माकडं. फोन ठेवता ठेवता मामा म्हणाला, आईच्या माघारी वारसांचा दस्त करायचा राहिलाय, फोंड्याला नोटरीकडे तारीख घेतली आहे. "बाय, तूं फकत सय करपाक यो. तितलेंच."

तितलेंच म्हणजे तेवढंच. त्या तेवढ्याशा सहीपायी पुढचे तीन आठवडे आमच्या दिवाणावर कागद पसरलेले होते आणि आल्यागेल्याला खुर्चीवर बसवावं लागत होतं.

नोटरी हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. 'नोटरी करून आणा' असं कुणीही कुणालाही सांगतं. १९५२ च्या नोटरी कायद्याने या माणसाला पुष्कळ काही करायचा अधिकार दिलाय. तो शपथ देऊ शकतो, दस्तावरची सही साक्षांकित करू शकतो, भाषांतर करू शकतो, न वटलेल्या हुंडीवर रीतसर निषेधही नोंदवू शकतो. दहा वर्षं वकिली केल्याशिवाय (बायकांना सात) हे पद मिळत नाही. पण लोकांच्या लेखी नोटरी म्हणजे शिक्का. त्या शिक्क्याचं मापसुद्धा नियमात बांधून दिलंय: पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल. पाणीपुरीच्या पुरीएवढा.

गोव्यातला नोटरी निराळा, हे मला लहानपणापासून अर्धवट ठाऊक होतं. मे महिन्यात मामाकडे असताना, शब्दकोडं अडलं की मी वर्तमानपत्रातल्या त्या लांबलचक सूचना वाचायचे. अमुक गृहस्थ अमुक दिवशी मृत्युपत्र न करता वारले, मागे त्यांची विधवा आणि अर्ध्या वाट्याची धनीण अमुक, मुलगा अमुक आणि त्याची बायको अमुक, मुलगी अमुक आणि तिचा नवरा अमुक. यांच्याआधी किंवा यांच्या बरोबरीने हक्क सांगणारं दुसरं कुणी नाही. एकेका वाक्यात अख्खं घर. मला वाटायचं, ही गोष्टच आहे, फक्त पुढे काही घडत नाही.

ते पोर्तुगीज वळण होतं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि १९६१ साली पोर्तुगीज गेले तरी ती राहिली. वारसा आणि नोटरीचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या, २०१२ सालच्या कायद्यात आला आहे. तो अमलात यायला २०१६ उजाडलं. पण रीत जुनीच. नोटरी हा सरकारी माणूस, सब-रजिस्ट्रारच ते काम पाहतो. वारसाचा दस्त त्याच्या वहीत लिहिला जातो, मूळ लेख वहीतच राहतो आणि आपल्या हाती येते ती नक्कल. आमच्या पुण्यातल्या नोटरीचं नेमकं उलट: कागद आपल्याला परत, त्याच्या नोंदवहीत फक्त एक ओळ.

मामेभावाने कागदांची यादी पाठवली. तिच्यात पहिलाच होता आईच्या जन्माचा 'तेओर'. गोव्यात मूळ नोंदीच्या शब्दशः नकलेला अजून तेओर म्हणतात. त्यानेच तो काढून फोटो पाठवला. आई १९४९ ची. गोवा मुक्त झाला तेव्हा बारा वर्षांची, पोर्तुगीज शाळेतली प्रिमेर ग्रावची परीक्षा दिलेली. तिने चष्मा चढवला, फोनवर दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि अडखळत वाचायला लागली. साठ वर्षांत तिच्या तोंडून पोर्तुगीजचा शब्द मी ऐकला नव्हता. साठ कुठली, माझं वयच पन्नास. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून साठच वाटली.

"ही बघ, मी."

तिने दाखवलं ते नाव एक्सने सुरू होत होतं.

(ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको. तेवढं माझं मला असू दे." पहिलं अक्षर श, इतकं सांगायची मुभा आहे.)

पोर्तुगीज माणूस श ऐकला की एक्स लिहितो. त्यामुळे गोव्याच्या जुन्या दप्तरांत शंकर एक्सने सुरू होतात, नाईकांच्या शेपटाला क्यू-यू-ई लागतं, आणि प्रभूंचा पोरोबो होऊन बसतो. आई या दप्तरात एक्स. १९६६ च्या एसएससीच्या प्रमाणपत्रावर, इंग्रजी राज्याची रीत येऊन पोचल्यामुळे, एस-एच. १९७१ साली लग्न होऊन पुण्यात आली आणि नावच बदललं. सासरी तिला दुसरं नाव मिळालं, ते आधारवर. पॅनवर तेच, पण एक ए जास्त. पासबुकात त्या नावामागे 'बाई'. दिवाणावर पाच कागद ओळीने मांडले तेव्हा पाच वेगवेगळ्या बायका कुठल्याशा सहलीला एकत्र आल्यासारख्या दिसल्या. जन्मतारीख तेवढी सगळ्यांची एक.

ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोपं आहे, या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. मग विचारलं, "नाव बदलल्याचा पुरावा काय आहे? राजपत्रात दिलं होतं?"

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. आई म्हणाली, "तांदूळ."

तिचं खरं होतं. लग्नाच्या रात्री ताटात तांदूळ पसरले, बाबांच्या हाती सोन्याची अंगठी दिली आणि त्यांनी तिचं नवं नाव त्या तांदळांत लिहिलं. बायका वाकून वाचत होत्या, कुणीतरी पेढे वाटले. न मुद्रांक, न साक्षीदारांची सही. बावीस वर्षांचं नाव पुसायला एक अंगठी पुरली. मी विचारलं, "ते तांदूळ पुढे कुठे गेले गं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न. "कुठे जाणार? डब्यात. दुसऱ्या दिवशी भात."

शाळेत नोकरीला लागली तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी लग्नपत्रिका बघून, तिने सांगितलेलं नवं नाव मस्टरवर चढवलं होतं. तो काळ तसा होता, असं म्हणून आपण अशा गोष्टींचं कौतुक करतो. तीन आठवडे मी मात्र त्या काळावर चिडलेली होते. लग्नपत्रिका सापडली. ट्रंकेच्या तळाशी, हळदीचं बोट वाळून तपकिरी झालेलं. 'चि. सौ. कां.'च्या पुढे माहेरचं नाव, देवनागरीत, स्वच्छ श. सासरचं नाव त्यात अर्थात नव्हतंच. पत्रिका छापल्या तेव्हा ते ठरलंही नसेल.

शोधाशोध चालली होती तशी आई तेओरकडे पुन्हा पुन्हा वळत होती. मला वाटलं, पोर्तुगीज आठवतंय का ते बघत असेल. एका दुपारी तिने हाक मारली. त्या नोंदीत बाळाचं नाव, आईबापांची नावं आणि त्याखाली चारी आजीआजोबांची नावं होती. बापाकडचे दोघं, आईकडचे दोघं. ही रीतच आहे त्या नोंदींची. आईच्या आईची आई, जिला सगळं घर नुसतं 'आजी' म्हणत असे, जी आईच्या आठवणीत नारळ किसणारी एक पाठ तेवढी आहे, तिचं नाव तिथे शाईने लिहिलेलं होतं. आईने ते शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं.

महाराष्ट्रातले माझे स्वतःचे कागद मी काढून पाहिले. माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. लग्नानंतर बाबांच्या जागी नवरा. आई शोधायला दाखल्याच्या एखाद्या रकान्यात जावं लागतं, आजी तर कुठेच नाही. परक्या राज्यकर्त्यांचं गुणगान करायची मला हौस नाही. त्यांनी गोव्यात काय काय केलं ते मामाच्या घरी ऐकतच मी वाढले. पण त्या कारकुनाने, जो श एक्सने लिहीत होता, आईच्या आजीला विचारून (किंवा तिच्याबद्दल विचारून) तिचं नाव लिहून ठेवलं होतं, हे नाकारता येत नाही.

प्रतिज्ञापत्र करायला आम्ही शिवाजीनगरला गेलो. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याने विचारलं, "बाँड आणलाय?" मुद्रांकाला इथे सगळे बाँडच म्हणतात. शंभराचा मिळेल का म्हटल्यावर तो हसला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या कामाला पाचशेचा लागतो. त्याच्या संगणकात नमुना तयार होता, त्याने फक्त आधीच्या गिऱ्हाइकाची नावं खोडून आमची घातली. छापून आलेला कागद आईने तिथेच उभ्याने, लाल पेन मागून घेऊन तपासला. चाळीस वर्षांची सवय.

"मी खाली सही करणार, वय ७६ वर्षे, धंदा घरकाम," तिने वाचलं आणि थांबली. "धंदा?"

"तसंच लिहितात मावशी."

"मी मराठीची शिक्षिका होते. निवृत्त. आणि 'सत्यप्रतिज्ञेवर' एक शब्द आहे, तोडू नका. आणि हे तिसऱ्या कलमात 'माझे पती शेती करतात', हे कुणाचे पती?"

ते आधीच्या बाईंचे होते. दुसरा कागद निघाला.

नोटरी वयस्क होते, टेबलावर गणपतीचा छोटा फोटो, शेजारी शाईचा पॅड. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, आधार पाहिलं, नोंदवहीत सही घेतली, अंगठाही घेतला. 'यांना मी ओळखतो' या ओळीखाली शेजारच्या टेबलावरच्या तरुण वकिलाने सही केली. त्याने आईला आयुष्यात पहिल्यांदा पाहून चार मिनिटं झाली होती. यात गैर काही चाललंय असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही, आईला वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "माझ्याशी बोलला असता तरी चाललं असतं. नाव तरी विचारायचं."

शिक्का मात्र दणक्यात बसला. आपण शिक्कामोर्तब म्हणतो तेव्हा एकच शब्द बोलल्यासारखं वाटतं, पण त्यात दोन मोहरा आहेत. शिवकालीन पत्रांत शिक्का कागदाच्या माथ्यावर आणि मोर्तब तळाशी. तळाच्या त्या छोट्या मोहरेवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं असायची: मजकुराची हद्द इथवर. त्याखाली कुणी काही वाढवू नये म्हणून. लिहिता न येणारा पाटील सहीऐवजी नांगर काढायचा. निशाणी नांगर. माणूस कोण ते त्याच्या हातातल्या हत्यारावरून कळायचं, नावाच्या स्पेलिंगवरून नव्हे. आईला मी रिक्षात विचारलं, तुझी निशाणी काय असती? ती म्हणाली, "खडू."

आता त्या 'फक्त सही'कडे वळायला हवं. मी टाळत होते, आईही.

सही दोन कागदांवर लागणार होती. पहिला, ही माणसं वारस आहेत असं सांगणारा. दुसरा, आपला हक्क भावाच्या नावे सोडल्याचा. मामाने दुसऱ्याचं नाव काढलं नव्हतं, पण त्याच्या मुलाने पाठवलेल्या कच्च्या मसुद्यात तो होता. इंग्रजीत. त्यात 'इलिक्विड राइट्स' असे शब्द होते. पातळ नसलेले हक्क, दह्यासारखे घट्ट, असं मी आईला हसवायला म्हटलं. खरा अर्थ असा की वाटणी झालेली नाही, तेव्हा कुठला तुकडा कुणाचा ते अजून ठरायचं आहे. वाटा आहे, पण त्याला बांध नाही.

गोव्यात मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा आहे, आणि तो आजकालचा नाही. महाराष्ट्राने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला तो १९९४ साली, तोही आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशाला २००५ उजाडावं लागलं. माझ्या आत्यांनी त्याच्या कितीतरी आधी हक्कसोडपत्रावर सह्या करून दिल्या. धाकटीला पैठणी मिळाली, थोरलीला तीही नाही. म्हणून गोव्याच्या कायद्याचं मला कोण कौतुक होतं. पण वर्तमानपत्रातल्या त्याच सूचना नीट आठवून बघितल्या तर त्यांच्यातही बहिणी हक्क सोडताना भेटतात. कायदा बहिणीला उंबऱ्यापर्यंत सन्मानाने आणतो. पुढचं काम भाऊबीज करते.

"तू काय करणार?" मी विचारलं.

आई पुरवण्या तपासल्यासारखे कागद क्रमाने लावत होती. "घर त्याने राखलं. आईला त्याच्या बायकोने उचलून बसवलं, वर्षानुवर्षं. मी आंब्याच्या दिवसांत जायचे आणि पेटी घेऊन यायचे." बराच वेळ गेला. "सोडीनसुद्धा. पण सोडायला आधी ते माझं होतं असं कुठेतरी लिहिलेलं नको का? तो फोनवर म्हणतो, फक्त सही. म्हणजे माझं असणं पण त्याने धरूनच टाकलंय आणि नसणं पण."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी झेरॉक्सच्या प्रती मोजल्या. प्रत्येकी तीन.

निघायच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. आई टेबलाशी बसून कॅलेंडरच्या सरलेल्या महिन्याच्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होती. एक्सने सुरू होणारं ते नाव, जोडून लिहिलेल्या अक्षरांच्या वळणाचं, पोर्तुगीज शाळेत गिरवलेलं असेल तसं. एकाखाली एक, वीसेक वेळा. पहिली सात-आठ डगमगती, मग हात सुटलेला. सही तर तिला आधारवरच्या नावाने करायची होती. याची कुणाला गरजच नव्हती. मी दारातूनच परतले. सकाळी तो कागद कचऱ्यात नव्हता आणि फाइलमध्येही नव्हता.

रात्रीच्या बसने फोंड्याला उतरलो. मामा स्टँडवर आला होता, बहिणीची पिशवी त्याने मला उचलू दिली नाही. कचेरीत गर्दी होती. आमच्याबरोबर तीन साक्षीदार: देवळातले भटजी, मामाच्या शाळेतले निवृत्त सहकारी आणि शेजारच्या वाड्यातले एक म्हातारे काका, काठी घेऊन. गोव्याच्या रीतीप्रमाणे या तिघांनी सांगायचं होतं की हे घर आम्ही ओळखतो. काकांना कानाने कमी ऐकू येतं. आई समोर आली तेव्हा त्यांनी आधी डोळे बारीक केले, मग तिला तिच्या माहेरच्या नावाच्या लाडक्या अर्ध्या रूपाने हाक मारली आणि विचारलं, जांभळीवरून पडून मोडलेला हात आता दुखतो का. पावसाळ्यात दुखतो, आई म्हणाली. आईचा हात कधी मोडला होता हे मला माहीत नव्हतं. पुण्यातल्या वकिलाने केलेली 'ओळखतो'ची सही माझ्या फाइलमध्ये होती, शिक्क्यासकट.

नोटरींसमोर बसल्यावर त्यांच्या तरुण मदतनिसाने दस्ताचा मजकूर वाचायला घेतला. आजीचं नाव, तारीख, मृत्युपत्र न करता. मग वारस. मामा आणि मामी, पूर्ण नावांनिशी. मग आई: आधी तेओरमधलं नाव, मग एसएससीचं, मग आधारवरचं, मध्ये प्रत्येक वेळी 'उर्फ'. पहिल्या नावाशी मुलगा एक्सला अडला आणि त्याने झ म्हटलं.

"श," आई म्हणाली. वर्गात म्हणायची तसं, आवाज न चढवता. "शहामृगाचा श."

मुलाने मान वर केली, नोटरींकडे पाहिलं, मग कागदाकडे. पुन्हा वाचलं. या वेळी बरोबर. काकांनी काठी आपटली, त्यांना तेवढं ऐकू आलं असावं.

तिघा साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आईची झाली. मामाने फाइलमधून दुसरा मसुदा अर्धा बाहेर काढला आणि हात तसाच ठेवून बहिणीकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, बोलायचं ठरवून आला असला तरी. आईने पर्समधून चष्म्याचं फडकं काढलं, दोन्ही काचा पुसल्या, चष्मा चढवला.

"हेंय वाच," ती त्या मुलाला म्हणाली. हाही वाच. "सावकाश. नावापासून."